जन्मजात रंगदोष, दृष्टिपटल आणि रक्तवाहिन्या: मुलाचा रिपोर्ट समजून घ्यायचा आहे

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मुलगा दुसरीत आहे. तान्हा असल्यापासून त्याचे डोळे सतत थरथरायचे, आणि अंगणात उन्हात नेलं की डोळे गच्च मिटून माझ्या खांद्यात तोंड खुपसायचा. आता सगळ्या तपासण्या झाल्या. ईआरजीत (दृष्टिपटलाचा विद्युत प्रतिसाद मोजणारी तपासणी) दंडपेशींचा, म्हणजे अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशींचा, प्रतिसाद व्यवस्थित आहे; शंकूपेशींचा, म्हणजे दिवसा आणि रंग दाखवणाऱ्या पेशींचा, जवळजवळ नाहीच. निदान अक्रोमॅटॉप्सिया, म्हणजे जन्मजात पूर्ण रंगांधपणा. नजर चष्मा लावूनही ६/६०. रंग म्हणून जे आपण म्हणतो ते त्याला कळतच नाहीत, फक्त गडद-फिकट कळतं.

ओसीटीच्या (दृष्टिपटलाचे थर दाखवणारा स्कॅन) रिपोर्टात ‘फोव्हियल हायपोप्लेझिया’ आणि ‘एलिप्सॉइड झोन खंडित’ असं लिहिलंय. ओसीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, ‘फोव्हियल अव्हॅस्क्युलर झोन लहान’. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘अव्हॅस्क्युलर’ हा शब्द वाचला आणि पोराच्या डोळ्याला रक्तच पोचत नाही असं ठरवलं. आता रक्ताभिसरण वाढवायचे थेंब, नस्य, शीर्षासन, गाजर-बिटाचा रस, सगळं सुरू करा म्हणून मागे लागलेत. मायेपोटीच म्हणतात, त्यामुळे तोडून बोलता येत नाही. डॉक्टरांची पुढची तारीख लांब आहे.

विचारायचंय ते एवढंच: दोष रक्तवाहिन्यांचा आहे का? आणि माझ्या सख्ख्या भावालाही लाल-हिरव्यात गोंधळ होतो. हे तेच का? अजून एक सांगायला हवं, माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. आतेभावाशीच लग्न झालंय.

निरंजन_डोळस

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. रोजचं काम ओसीटी मशीनवरच असतं. निदान आणि उपचार तुमच्या डॉक्टरांचे, पण ते चित्र वाचायचं कसं हे मी नक्की सांगू शकतो.

आधी त्या ‘लहान’ शब्दाचं बघू, कारण घरातला सगळा घोळ तिथेच झालाय. आपल्या दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर, पीतबिंदूच्या पोटात, साधारण अर्धा मिलिमीटर रुंदीची एक जागा असते जिथे एकही केशवाहिनी नसते. हाच तो ‘फोव्हियल अव्हॅस्क्युलर झोन’. ही जागा प्रत्येक निरोगी डोळ्यात असते, आणि असायलाच हवी. तुमच्या मुलात ती लहान आहे, म्हणजे मध्याजवळ रक्तवाहिन्या कमी नाहीत. उलट जिथे यायला नको तिथपर्यंत त्या आत आल्या आहेत. रक्त पोचत नाही हा अर्थ या रिपोर्टातून निघूच शकत नाही.

मध्यावर रक्तवाहिन्या का नसतात? आपलं दृष्टिपटल एका अर्थी उलटं बसवलेलं आहे. उजेड आधी मज्जातंतूंच्या आणि जोडपेशींच्या थरांतून जातो आणि शेवटी, सगळ्यात मागे असलेल्या शंकू व दंडपेशींवर पडतो. वाटेत रक्तवाहिनी आली की उजेड अडतो. म्हणून जिथे सर्वांत बारीक दिसायला हवं तिथे वरचे थर बाजूला सरकतात, खळगा (फोव्हिया) तयार होतो, आणि त्या खळग्यात शंकूपेशी दाटीवाटीने बसतात. सरासरी काढली तर मध्यावर एका चौरस मिलिमीटरमध्ये दोन लाखांच्या आसपास. तिथे दंडपेशी अजिबात नसतात.

मग त्या मधल्या शंकूपेशींना पोसतं कोण? डोळ्याला दोन वेगळे रक्तपुरवठे आहेत. दृष्टिपटलाच्या आतल्या थरांना मध्यवर्ती धमनीच्या फांद्या रक्त देतात. आपण फोटोत बघतो त्या लाल रेघा त्याच. शंकू आणि दंडपेशींना मात्र प्राणवायू मागच्या बाजूने, रंजितपटल नावाच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरातून, झिरपत येतो. डोळ्यात येणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा या मागच्या थरातूनच वाहतो. म्हणजे मधल्या शंकूपेशींची सोय निसर्गाने मागच्या दाराने केलेली आहे.

आता मुलाचा खळगा. गर्भात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमाराला तो पडायला लागतो, आणि जिथे पडायचा ती जागा त्याआधीच रक्तवाहिन्यांविना राखलेली असते. जन्मानंतरही काही वर्षं शंकूपेशी मध्याकडे सरकत, बारीक आणि लांब होत राहतात. हे काम अर्धवट राहिलं की त्याला फोव्हियल हायपोप्लेझिया म्हणतात. वरचे थर पूर्ण बाजूला होत नाहीत, आणि ती रक्तवाहिनीविरहित जागा लहान राहते किंवा बनतच नाही. अल्बिनिझममध्ये (अंगात रंगद्रव्य कमी असण्याचा जन्मजात दोष) आणि पॅक्स६ जनुकाच्या दोषातही असं दिसतं.

पण तुमच्या रिपोर्टातली महत्त्वाची ओळ माझ्या मते दुसरीच आहे: एलिप्सॉइड झोन खंडित. ओसीटीत ही एक लख्ख पांढरी रेघ असते आणि ती शंकू-दंडपेशींच्या मायटोकाँड्रियांनी (पेशीला ऊर्जा देणारे घटक) भरलेल्या भागाची मानली जाते. अल्बिनिझममध्ये खळगा नीट नसला तरी ही रेघ सहसा सलग असते. अक्रोमॅटॉप्सियात ती मध्यावर तुटलेली, पुसट, कधी कधी तर तिथे काळी पोकळी दिसते. म्हणूनच इंग्लंडमधल्या लेस्टरच्या संशोधकांच्या गटाने २०११ मध्ये हायपोप्लेझियाच्या चार पायऱ्या ठरवल्या, तेव्हा अक्रोमॅटॉप्सियातल्या चित्रासाठी ‘वेगळ्या धाटणीचा’ असा स्वतंत्र प्रकार ठेवला.

दोष शंकूपेशीच्या आत आहे, तिच्या भोवतीच्या रक्तात नाही. विहिरीला पाणी भरपूर आहे पण मोटारीचा स्टार्टर जळलाय, अशी ही अवस्था. पाणी वाढवून मोटार सुरू होत नाही.

मी_सानपाडा

वाचतेय. निरंजन, हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. अल्बिनिझम असलेल्या पुतण्याच्या रिपोर्टातही हेच शब्द होते, आता अर्थ लागतोय.

जनुकवेडा_मास्तर

जीवशास्त्र शिकवतो, म्हणून तो ‘स्टार्टर’ काय आहे ते थोडं उलगडतो.

अंधारात शंकूपेशीच्या पडद्यावरच्या काही वाहिन्या (रक्तवाहिन्या नव्हेत, आयनांची बारीक दारं) उघड्या असतात आणि त्यांतून सोडियम, कॅल्शियमचे आयन आत येत राहतात. उजेड पडला की या वाहिन्या बंद होतात. हे बंद होणं हाच पेशीचा ‘उजेड आला’ हा निरोप. वाहिनीचे दोन भाग सीएनजीए३ आणि सीएनजीबी३ ही दोन जनुकं बनवतात, आणि अक्रोमॅटॉप्सियाची बहुतेक कुटुंबं याच दोघांत सापडतात. उरलेल्या थोड्यांत जीएनएटी२, पीडीई६सी, पीडीई६एच किंवा एटीएफ६. दंडपेशींची वाहिनी वेगळ्या जनुकांवर चालते, म्हणून ईआरजीत त्यांचा प्रतिसाद शाबूत. लाल, हिरव्या, निळ्या तिन्ही शंकूंत मात्र वाहिनी एकच. म्हणून तिन्ही एकदम गप्प.

ताई, भावाबद्दल एक महत्त्वाचं विचारतो. त्याची नजर ६/६ आहे का? लहानपणी डोळे थरथरायचे का, उन्हाचा त्रास व्हायचा का? विचारायचं कारण असं की ब्लू कोन मोनोक्रोमसी नावाचा एक दोष आहे. तो एक्स गुणसूत्रावरून, म्हणजे आईकडून मुलाला येतो. त्यात लाल आणि हिरवे दोन्ही शंकू निकामी, फक्त निळे चालू. लहान मुलात तो अक्रोमॅटॉप्सियासारखाच दिसतो, आणि मामाला असणं हा त्याचा नेहमीचा धागा.

कृष्णाकाठची

मास्तर, भावाची नजर एकदम चांगली. रात्रीही गाडी चालवतो. कधी थरथर नाही, उन्हाचा त्रास नाही. फक्त पिकलेली आणि कच्ची मिरची झाडावर ओळखू येत नाही, आणि शाळेत ठिपक्यांचे आकडे वाचता आले नव्हते.

जनुकवेडा_मास्तर

मग भावाचं प्रकरण वेगळं. तो आहे साधा लाल-हिरवा रंगदोष. ते ठिपक्यांचे आकडे म्हणजे इशिहारा चाचणी, टोकियोच्या शिनोबु इशिहारांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली. तुमच्या मुलाचं नक्की कुठलं जनुक हे रक्ततपासणीतूनच कळेल, आणि ब्लू कोनची शंकाही त्यातच मिटेल.

लाल आणि हिरव्या रंजकद्रव्याची (शंकूपेशीतलं उजेड टिपणारं प्रथिन) जनुकं एक्स गुणसूत्राच्या टोकाला अगदी शेजारी शेजारी असतात, आणि त्यांची रचना जवळजवळ सारखी. पेशी विभागताना दोघांत अदलाबदल होऊन एखादं गळतं किंवा दोन्ही मिळून एक संकरित जनुक तयार होतं. जेरेमी नेथन्स आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही जनुकं वेगळी काढून दाखवली. पुरुषाला एकच एक्स, त्यामुळे दोष त्याच्यात उघड होतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास, स्त्रियांत अर्धा टक्का. भारतात त्याहून कमी. अक्रोमॅटॉप्सिया मात्र साधारण ३० ते ४० हजारांत एक.

आणि धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट: भावासारख्या माणसाच्या डोळ्याची नेहमीची तपासणी आणि ओसीटी केली तर खळगा, थर, रक्तवाहिन्या, सगळं तुमच्या-माझ्यासारखं दिसतं. बहुतेकांत हिरव्या शंकूच्या जागी लाल रंजकाचाच शंकू बसलेला असतो, त्यामुळे संख्याही पूर्ण. फरक एका प्रथिनातल्या मोजक्या अमिनो आम्लांचा आहे, आणि तेवढा फरक कुठल्याही रक्तवाहिनीत उमटत नाही. अर्थात अपवाद आहेत. २००४ मध्ये जोसेफ कॅरल आणि सहकाऱ्यांनी अडॅप्टिव्ह ऑप्टिक्सने, म्हणजे एकेक पेशी दिसेल इतक्या बारीक कॅमेऱ्याने, एका रंगदोषी माणसाच्या दृष्टिपटलात शंकूंच्या रांगांमध्ये काळ्या फटी दाखवल्या. त्याचं जनुक गळलेलं नव्हतं, बिघडलेलं होतं, आणि ते वापरणाऱ्या पेशीच निकामी झाल्या होत्या. तरी त्याची नजर तीक्ष्ण होती. हे मला आजही थक्क करतं.

डोंगरवाट

मास्तर, रसायनशास्त्रातला तो डाल्टनही याच पंक्तीतला ना?

जनुकवेडा_मास्तर

हो, तोच जॉन डाल्टन. १७९४ साली मँचेस्टरमध्ये त्याने स्वतःच्या रंगदोषावर निबंध वाचला. त्याचा तर्क असा की डोळ्यातला द्रवच निळसर असावा आणि तो लाल रंग शोषून घेत असावा. मेल्यावर डोळे तपासा असं त्याने सांगून ठेवलं. १८४४ मध्ये तो गेल्यावर डॉक्टर जोसेफ रॅन्सम यांनी तपासले: द्रव पारदर्शक. दुसऱ्या डोळ्याला मागून छेद देऊन त्यातून त्यांनी स्वतः पाहिलं, तर लाल आणि हिरवं जसंच्या तसं. दोष भिंगात नाही, द्रवात नाही, म्हणजे त्याच्याही मागे कुठेतरी. ते अवशेष मँचेस्टरला जपून ठेवले होते. १९९५ मध्ये त्यांतून डीएनए काढला तेव्हा हिरव्या रंजकाचं जनुकच नाही असं निघालं. दीडशे वर्षांनी उत्तर मिळालं, आणि तेही त्याने स्वतः सोय करून ठेवली म्हणून. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

अण्णा_सोलापूरकर

सगळं वाचलं, पण एक पटत नाही. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. गेल्या काही काळापासून निळा आणि काळा, पिवळा आणि पांढरा यांत त्यांना फरक कळेना. डॉक्टरांनी रक्तवाहिन्या खराब झाल्यात म्हणून सांगितलं, लेझर केलं. मग रंगांचा आणि रक्तवाहिन्यांचा संबंध नाही कसं म्हणता?

निरंजन_डोळस

अण्णा, तुमच्या वडिलांच्या बाबतीत डॉक्टर बरोबर आहेत. हा फरक स्पष्ट व्हायलाच हवा, कारण घरोघरी दोन्ही एकत्र केलं जातं.

जन्मजात दोष जन्मापासून असतो, दोन्ही डोळ्यांत सारखा असतो, आणि साधा लाल-हिरवा दोष वयाबरोबर वाढत नाही. नंतर आलेला दोष एका डोळ्यात जास्त असू शकतो, वाढतो, आणि बरोबर दुसरं काहीतरी बिघडलेलं असतं. मधुमेहात केशवाहिन्या गळतात, बुजतात. मध्यावरची ती मोकळी जागा मोठी होते, कारण कडेच्या केशवाहिन्या मरत जातात. म्हणजे ताईंच्या मुलात ती लहान आणि तुमच्या वडिलांसारख्या रुग्णात मोठी! तीच मशीन, तेच मोजमाप, आणि गोष्ट नेमकी उलट. अशा नंतर आलेल्या दृष्टिपटलाच्या आजारांत बहुधा निळ्या-पिवळ्याचा गोंधळ आधी होतो. दृष्टिमज्जातंतू बिघडला तर लाल-हिरव्याचा. कोल्नर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९१२ मध्ये मांडलेला हा ढोबळ नियम, अपवाद भरपूर असले तरी अजून उपयोगी पडतो.

आणि इथे एक कळकळीची विनंती. क्षयरोगाच्या औषधांत एथॅम्ब्युटॉल असतं. ते घेताना लाल रंग फिका वाटायला लागला किंवा वाचायला अंधुक झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वेळेवर लक्षात आलं तर बऱ्याच जणांत नुकसान थांबतं. इशिहाराची पुस्तिका निळा-पिवळा दोष पकडत नाही, म्हणून ‘चाचणी पास झाली’ म्हणून निर्धास्त राहू नका.

ताईंसाठी अजून एक राहिलं. मुलाचे डोळे थरथरतात, आणि ओसीटी अँजिओग्राफी एकाच जागेची लागोपाठ चित्रं घेऊन त्यांतला फरक म्हणजे वाहणारं रक्त असं ओळखते. डोळा हलला की चित्रात पट्टे येतात. शिवाय निरोगी माणसांतही ही जागा कमीजास्त असते. तेव्हा त्या एका आकड्याला फार चिकटून राहू नका. थरांचं चित्र जास्त भरवशाचं. एक दिलासा असा की यात डाय टोचावी लागत नाही, आणि स्कॅनचा उजेड अवरक्त असतो, म्हणून उजेडाला घाबरणारं मूलही बसतं. फ्लुरेसिन डाय टोचून करायच्या तपासणीतला निळा झगझगीत उजेड अशा मुलांना फार त्रास देतो.

सावलीतला

मी स्वतः अक्रोमॅट, म्हणजे मलाही अक्रोमॅटॉप्सिया. जनुक सीएनजीबी३. वय चाळिशीत, नोकरी करतो, दोन मुलं आहेत. ताई, तुमची पोस्ट वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

रक्त वाढवायचे उपाय माझ्यावरही झाले. डोळ्यात मध घातला होता, त्याची आग अजून आठवते. फरक शून्य. फरक पडला तो गडद लाल काचांच्या चष्म्याने. आमच्याकडे कामाच्या फक्त दंडपेशी, आणि त्या भर उजेडात पूर्ण भारून जातात. लांब तरंगलांबीचा लाल उजेड दंडपेशींना फारसा टोचत नाही. लाल काच बाकीचा उजेड अडवते आणि मग दिवसाही दिसायला लागतं. पहिल्यांदा तो चष्मा घालून दुपारी रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा समोरच्या दुकानाची पाटी वाचली. बाहेर लाल, वर्गात जरा कमी गडद, आणि डोक्यावर मोठ्या छज्जाची टोपी. नंबर असेल तर त्याच काचेत बसवून घ्या.

शाळेत बाक खिडकीकडे पाठ करून हवा, फळ्याच्या जवळ. खडूंच्या डब्यावर आणि रंगपेटीवर नावं लिहा. ‘हा कुठला रंग’ म्हणून पाहुण्यांसमोर परीक्षा घेऊ देऊ नका, तेवढं एक माझ्या आईने कधीच होऊ दिलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी हा वर्ग आहे. युडीआयडीसाठी (दिव्यांग ओळखपत्र) अर्ज करा, परीक्षेत जादा वेळ आणि मोठा टाइप मागता येतो. थरथर वयाबरोबर बरीच कमी होते, माझी झाली. अंधार पडल्यावर मी गावातल्या सगळ्यांपेक्षा निवांत चालतो. मुलाला संध्याकाळी खेळायला सोडा, तेव्हा तो खुलेल.

डोंगरवाट

सावलीतला, मनापासून आभार. पॅसिफिकमधल्या एका बेटावर असे खूप लोक आहेत असं ऐकलं होतं.

जनुकवेडा_मास्तर

पिंगेलॅप, मायक्रोनेशियात. १७७५ च्या सुमारास वादळ झालं, त्यातून जेमतेम वीसएक माणसं वाचली, आणि त्यांच्यात एक वाहक (बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेला, स्वतः निरोगी) होता, परंपरेनुसार तिथला राजाच. पुढची सगळी प्रजा त्याच थोड्या लोकांची. आज तिथे पाच ते दहा टक्के लोक पूर्ण रंगांध आहेत, सीएनजीबी३ मधल्या एकाच बदलामुळे. बेटावरचे सगळे एकच अन्न खातात, एकाच उन्हात राहतात, आणि एकाच आईबापाच्या पोटी रंग दिसणारी आणि न दिसणारी अशी दोन्ही मुलं जन्मतात. रक्ताभिसरणाचा मुद्दा घेऊन बसलेल्या घरच्यांना हेही सांगता येईल.

मी_सानपाडा

जनुकोपचाराचं काय? बातम्या येत असतात.

निरंजन_डोळस

काम चालू आहे, आणि थरांची चित्रं तिथेच सर्वांत जास्त उपयोगी पडतात. जनुक सोडायचं तर ते घ्यायला शंकूपेशी जिवंत हवी. ओसीटीत रेघ तुटलेली दिसली तरी अडॅप्टिव्ह ऑप्टिक्सने बघितल्यावर अनेकांच्या मध्यावर शंकूपेशी शिल्लक असतात. किती शिल्लक, हे माणसागणिक फार वेगळं. सीएनजीबी३ चा दोष असलेल्या कुत्र्यांत आणि सीएनजीए३ चा दोष असलेल्या इस्रायलमधल्या अवासी मेंढ्यांत उपचाराने दिवसाची नजर सुधारली. माणसांत जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गटाने नऊ प्रौढांवर सीएनजीए३ साठी प्रयोग केला, २०२० मध्ये निष्कर्ष आले: सुरक्षित ठरलं, नजरेत थोडी सुधारणा. रंगीत जग उघडलं असं मात्र झालं नाही. इतकी वर्षं शंकूंकडून काही न शिकलेला मेंदू ते कितपत स्वीकारतो, हा मोठा प्रश्न आहे. इंजेक्शनसाठी खळग्याखाली द्रव सोडून दृष्टिपटल तात्पुरतं उचलावं लागतं, आणि ज्यांचा खळगा आधीच नाजूक त्यांच्यात ही जोखीम लहान नाही. कुणी पैसे घेऊन ‘जीन थेरपी करून देतो’ म्हणालं तर दूर राहा. खऱ्या प्रयोगात त्या उपचाराचे पैसे मागत नाहीत.

अण्णा_सोलापूरकर

समजलं. वडिलांचा एथॅम्ब्युटॉलशी संबंध नाही, पण शेजारच्या काकांना क्षयाची औषधं चालू आहेत. आजच जाऊन विचारतो.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे किती आभार मानू. सावलीतला दादा, तुमची पोस्ट नवऱ्याला आणि आत्याला मोठ्याने वाचून दाखवली. आत्याने तो ‘लहान’चा अर्थ दोनदा विचारून घेतला आणि थेंबांचं बंद केलं. शेवटचं एक. दुसरं मूल हवंय. आणि भावाच्या लग्नाचं बघतायत, तिथेही नात्यातलीच मुलगी आहे.

जनुकवेडा_मास्तर

ताई, तुम्ही आणि तुमचे यजमान दोघे वाहक असणार. तुमचे वडील आणि तुमच्या सासूबाई सख्खी भावंडं, तेव्हा त्यांच्या आई किंवा वडिलांकडून आलेली एकच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी तुमच्या मुलात एकत्र आली, ही सर्वांत जास्त शक्यता. यात कुणाचाही दोष नाही. प्रत्येक पुढच्या मुलाला २५ टक्के धोका, मुलगा असो की मुलगी. तसं असेल तर तुमचा भाऊही वाहक असण्याची शक्यता निम्मी. त्याचा लाल-हिरवा दोष हा पूर्ण वेगळा हिशोब.

क्रम असा ठेवा: आधी मुलाची जनुकतपासणी, त्यात नेमका बदल सापडला की तुमची दोघांची, मग भावाची आणि त्या मुलीची तेवढ्याच एका बदलासाठी. बदल माहीत असला की पुढच्यांची तपासणी सोपी आणि स्वस्त होते. दुसऱ्या मुलाचा विचार करण्याआधी जेनेटिक काउन्सिलरला भेटा, गरोदरपण सुरू झाल्यावर नाही. आणि भावाच्या ठिकाणी साखरपुड्याआधी बोला.

निरंजन_डोळस

आणि जाताना मुलाच्या ओसीटीची मूळ फाइल मागून घ्या, नुसता छापील कागद नको. पुढच्या वर्षीचा स्कॅन त्याच जागेवर, त्याच मशीनवर झाला तर ती तुटलेली रेघ तशीच आहे की पुढे सरकतेय हे बघता येतं.